धाकटीसारखा चष्मा

मला बघायला आले होते तेव्हा माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतला होता. सासऱ्यांची एक बहीण होती, तिनं कमरेच्या पिशवीतून सुई आणि दोरा काढला आणि म्हणाली, "ओव बगू पोरी." मी पहिल्याच झटक्यात ओवला. मामंजी म्हणाले, "नजर पक्की हाय." त्या दिवशी माझ्या रंगाबद्दल, उंचीबद्दल कोण काय बोललं ते मी विसरून गेले, पण हे वाक्य माहेरच्या भांड्यांबरोबर सासरी घेऊन आले. कोरेगावजवळच्या आमच्या त्या घरात मग कुणाच्याही सुईत दोरा ओवायचा तो मीच. तांदळातला खडा मला लांबून दिसायचा.

बऱ्याच वर्षांनी धाकट्या दिरासाठी मुलगी बघायला आम्ही सांगलीला गेलो. मुलगी चष्मा लावून बाहेर आली. मी आत्याबाईंकडं, म्हणजे सासूबाईंकडं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकायला मिळणार. सुईवाल्या आत्तीनं विचारलंच, "चष्मा कायमचा हाय व्हय गं?"

मुलगी म्हणाली, "हो. काढला तर तुम्ही सगळे मला एकसारखेच दिसाल."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मामंजी हसले. परत येताना गाडीत आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी लय हुशार दिसती." मी मागच्या सीटवर खिडकीला टेकून बसले होते. मनात म्हटलं, मी चष्मा लावून आले असते तर ह्या माणसांनी पोह्याच्या बशीला हात लावला नसता.

धाकटी घरात आली ती अशी. ती कोरेगावच्या एका शाळेत शिकवते. स्वभावानं वाईट नाही, हे मी आधीच सांगते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात ते हरवून जाईल. मला ती 'ताई' म्हणते, उलट उत्तर देत नाही, सणासुदीला माझ्याआधी उठते. पण तिच्या त्या चष्म्यामुळं घरात तिचं सगळंच वेगळं झालं. भाकऱ्या थापायला बसली की वाफेनं काचा पांढऱ्या व्हायच्या, म्हणून आत्याबाई म्हणायच्या, "तू नगं बसू चुलीपशी, थोरली करंल." लग्नपत्रिका आली की तिच्या हातात. कारखान्याचा मेसेज आला की तिच्यापुढं मोबाईल. माझी स्वतःची मुलगी गणिताची वही घेऊन माझ्या अंगावरून पलीकडं तिच्या खोलीत जायची.

आणि रोज सकाळी आमचे भावजी, म्हणजे तिचा नवरा, कामाला साताऱ्याला निघायच्या आधी तिचा चष्मा पुसून द्यायचे. शर्टाचं टोक ओढून, तोंडानं हा करून, एकेक काच उजेडाला धरून बघायचे, आणि मग तिच्या हातात न देता तिच्या डोळ्यांवर चढवायचे. मी ओट्यावर दूध तापवत असायचे. दूध उतू गेलं की आत्याबाई विचारायच्या, "ध्यान कुटं असतंय गं तुजं?" आमच्या ह्यांनी इतक्या वर्षांत माझ्या तोंडाला कधी त्या तऱ्हेनं हात लावला असेल तर तो एकदाच, चेहऱ्यावर गांधीलमाशी बसली होती म्हणून.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. त्या महिन्यात गुरुवारी आमच्याकडं घट मांडतात आणि संध्याकाळी महालक्ष्मीची कथा वाचतात. ऐकायला आळीतल्या बायका येतात. कथा वाचायचा मान माझा होता. बारावी झालेली सून म्हणून लग्नानंतर आत्याबाईंनी ती पुस्तिका माझ्या हातात दिली होती, आणि तेव्हापासून मीच वाचत आले होते. माझ्या आवाजाला बायका नावाजायच्या. त्या घरात फक्त माझं म्हणावं असं जे काही होतं, त्यात हे एक.

पहिल्या गुरुवारी मी वाचायला बसले आणि अक्षरं जागची हलायला लागली. पुस्तक लांब धरलं. आणखी लांब धरलं. दिव्याकडं सरकले. एक ओळ दोनदा वाचली, पुढची अख्खी सुटली, आणि राणीच्या जागी दासी बोलायला लागली. मागं कुणीतरी फिस्स करून हसलं.

आत्याबाई म्हणाल्या, "दे तिच्याकडं. चष्म्याची हाय ती."

"नको," धाकटी म्हणाली, "ताईच वाचू देत. त्या किती छान वाचतात."

ती असं बोलली नसती तर मला बरं वाटलं असतं. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं नाकावरचा चष्मा एका बोटानं वर सरकवला आणि वाचायला लागली, वर्गात वाचल्यासारखं, एकेक शब्द सुटा करून. बायका मान डोलवत होत्या. प्रसादाची केळी कापताना मी सुरी इतकी दाबली की खालच्या ताटाला चरा पडला.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली असताना मी तिच्या खोलीत गेले. तिच्याकडं दोन चष्मे होते. एक रोजचा तपकिरी, आणि एक फिक्या गुलाबी रंगाचा, आरपार दिसेल असा, समारंभाला लावायचा. मी तो गुलाबी उचलला आणि डोळ्यांवर लावला. फरशी एकदम खाली गेली, कपाट लहान होऊन लांब उभं राहिलं. तरी मी आरशात बघितलं. आरशात नीट काही दिसेना, पण एक बाई होती आणि ती चष्म्याची होती. मला ती आवडली.

"ताई, डोकं दुखेल. माझा नंबर मायनस आहे." ती दारात उभी होती, केसांना टॉवेल बांधून. ती हसली नाही आणि रागावली पण नाही. "तुम्ही डोळे तपासून का नाही घेत? सांगलीत माझे लहानपणापासूनचे डॉक्टर आहेत. उद्या शनिवार, मी रजा टाकते. जाऊ या."

मी ह्यांना विचारलं, तुम्ही येता का. ऊस तोडायला टोळी आली होती, ह्यांचं डोकं फडात. "जाऊन ये की," हे म्हणाले. "आता मला जमायचं न्हाई." ती पहिल्यांदा चष्म्याचा नंबर बदलायला निघाली होती तेव्हा भावजींनी कामावर खाडा केला होता, ते मला आठवलं. आत्याबाई म्हणाल्या, डोळ्यात औषध घालतात, एकटी नको जाऊस. म्हणून शेवटी धाकटीच माझ्याबरोबर.

सकाळच्या गाडीनं आम्ही कोरेगावहून सांगलीला गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला लगेच ओळखलं. "अगं ये! ही पाचवीत होती तेव्हा वडिलांच्या स्कूटरवर पुढं उभी राहून आली होती," त्यांनी मला सांगितलं. "फळ्यावरचं दिसत नाही हे वडिलांनीच ओळखलं होतं." मी हसून मान हलवली. माझ्या वडिलांना मी कितवीत आहे हे दर वर्षी सांगावं लागायचं.

मला एका मशिनसमोर बसवलं. हनुवटी टेकवून आत बघायचं. आत एक लांब रस्ता होता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा, मोठा, माणसं घेऊन उडणारा. तो धूसर व्हायचा आणि पुन्हा स्पष्ट व्हायचा. मग खुर्चीत बसवून समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मी वरून खाली वाचत गेले. शेवटची ओळ मुंगीएवढी होती, ती पण दिसत होती. माझ्या मनात आलं, ही चुकवावी. दोन अक्षरं चुकवली की झालं, कायमचा चष्मा मिळेल, ह्या धाकटीसारखा, उठल्यापासून झोपेपर्यंत लावायचा. मी 'म'ला 'भ' म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "परत बघा. मशिन तर सांगतंय की लांबचं तुम्हाला चांगलं दिसतंय."

मग मी 'म' म्हटलं.

"फारच छान. लांबची नजर अशी क्वचितच बघायला मिळते."

मला जन्मात कुणी एवढं मोठं बक्षीस इतक्या चुकीच्या वेळी दिलं नव्हतं. मग त्यांनी हातात एक कार्ड दिलं, बारीक मराठी छापलेलं. तिथं मात्र काळ्या रेघा सोडून काही दिसेना. त्यांनी माझ्या नाकावर जड लोखंडी चौकट ठेवली, त्यात एक काच घातली, काढली, दुसरी घातली. आणि अक्षरं उभी राहिली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं आपापल्या जागी, नुकत्याच सारवलेल्या अंगणातल्या रांगोळीसारखं. मी तो उतारा मोठ्यानं वाचून काढला. थांबा म्हणाले तरी पुढची ओळ वाचली.

"वय किती?"

"त्रेचाळीस."

"मग वेळेवर आली. चाळीशी आहे ही. वाचायला, शिवायला लावायचा. बाकी वेळ गरज नाही."

चाळीशी! माझ्या आजीची होती, एका दांडीला सुतळी बांधलेली. त्याच एका काचेच्या वस्तूला धाकटीच्या नाकावर चष्मा म्हणायचं, हुशारी म्हणायचं, आणि माझ्या नाकावर आली की चाळीशी म्हणायचं, म्हणजे वय.

मागचा पडदा बघायचा म्हणून त्यांनी माझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि धाकटीला विचारलं, "तुझा पडदा कधी बघितलाय? लग्नाच्या आधी? मग बस इथंच. तुलाही घालतो." अशा आम्ही दोघी जावा एका बाकड्यावर, डोळे मिटून, बाजूबाजूला बसलो. तिचा हात माझ्या हाताला लागत होता. मला वाटलं, आजचा एक दिवस माझा होता. तोसुद्धा तिनं अर्धा केला.

अर्धा कुठला. माझं बघायला त्यांना पाच मिनिटं लागली. तिचं बघायला किती तरी वेळ लागला. खाली बघ, वर बघ, डावीकडं बघ. मग ते म्हणाले की तिच्या उजव्या पडद्याला एक जागा पातळ झाली आहे. मोठा मायनस नंबर असला की होतं असं, आताच सापडलं हे चांगलं झालं, सोमवारी लेझर करून टाकू, घाबरायचं काही नाही. तोवर जड उचलायचं नाही.

धाकटीनं बाहेर येऊन भावजींना फोन लावला. ते म्हणाले, "तिथंच थांब, मी गाडी घेऊन निघालोच." पाठोपाठ तिच्याच फोनवर आमच्या ह्यांचा फोन आला. ते तिच्याशी बोलले, तिला धीर दिला, "आमी हाय, तू काळजी करू नगं," असं दोनदा म्हणाले. मग फोन माझ्याकडं आला.

"आणि तुजं काय निगालं?"

"चाळीशी."

"मग काय न्हाई," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

खरं सांगते, त्या क्षणी मला तिच्या पातळ पडद्याचासुद्धा हेवा वाटला. माझ्या डोळ्यात काहीच नव्हतं. कुणी गाडी घेऊन निघावं असं काहीच नव्हतं.

भावजी यायला दोन-अडीच तास होते. धाकटी डोळे टिपून म्हणाली, "चला, तोवर तुमची फ्रेम घेऊ." दवाखान्याच्या खालीच दुकान होतं. आम्ही एकमेकींना धरून जिना उतरलो. बाहेरच्या उन्हानं डोळ्यांत टाचण्या टोचल्यासारखं होत होतं. दुकानदार पांढऱ्या दाढीचे मुसलमान गृहस्थ होते. आमचे डोळे बघून म्हणाले, "दोघींच्या पण डोळ्यात औषध? मग पसंत कोण करनार?"

तो प्रश्न बरोबरच होता. मी आरशात बघितलं तर माझा चेहरा पाण्यात पडल्यासारखा. नाक कुठं, डोळे कुठं, काही कळेना. ते एकेक फ्रेम माझ्या नाकावर ठेवत होते आणि मला कशातलं काही दिसत नव्हतं. म्हणजे मी कशी दिसते ते धाकटीच सांगणार, आणि मी ते मानायचं. ही कल्पनाच मला सहन होईना.

मी म्हटलं, "गुलाबी हाय का? आरपार दिसती ती?"

त्यांच्याकडं होती. त्यांनी ती मला घातली. तेव्हा धाकटीनं स्वतःचा चष्मा काढून हातात घेतला आणि माझ्याकडं सरकली. थेंबांमुळं तिला चष्म्यातून जवळचं दिसत नव्हतं, पण चष्मा काढून वीतभर अंतरावर आली की तिला दिसायचं. तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं, इतकं जवळ की तिच्या श्वासातली वेलची मला कळली. एका घरात इतकी वर्षं राहून आम्ही एकमेकींच्या इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. ती माझी एक भुवई, मग दुसरी, मग नाक, असं बघत गेली.

"हा नको ताई," ती म्हणाली. "ह्यात तुमचे डोळे हरवतात. तुमचे डोळे मोठे आहेत." तिनं चाचपून पेटीतून दुसरी फ्रेम उचलली, डोळ्याशी नेऊन बघितली आणि मला घातली. पुन्हा तेवढीच जवळ आली. "हा. गडद जांभळा आहे. हा तुमचा."

दुकानदार म्हणाले, "बहनजी बरोबर बोलतात."

मला पटलं नाही. मला वाटलं, तिच्यासारखा चष्मा मी लावावा हे तिला नको आहे. एका घरात दोन गुलाबी चष्मे झाले तर तिचं वेगळेपण काय राहणार?

"मला गुलाबीच पायजे," मी म्हटलं.

तिनं आपला चष्मा पुन्हा लावला आणि खुर्चीत जाऊन बसली. थोड्या वेळानं मला जाणवलं की ती रडते आहे. ते चष्म्यावरून नसणार, डोळ्यांच्या भीतीनं असणार, हे मला कळत होतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. दुकानदारांनी दिलेलं पाणी तिच्यापुढं केलं.

दुकानदारांनी गुलाबी फ्रेमला काचा बसवून दिल्या तोवर भावजी आले. त्यांनी तिला दंडाला धरून गाडीत पुढं बसवलं आणि माहेरी पोचवलं. सोमवारपर्यंत ती तिथंच राहणार होती. मला घेऊन ते कोरेगावला परत आले. वाटेत मी मागंच बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नजर ठिकाणावर आली तशी मी आरशासमोर गेले आणि गुलाबी चष्मा लावला. जवळचं स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचाच त्रास झाला. माझ्या रंगावर ती फिकी गुलाबी फ्रेम मलमपट्टीसारखी दिसत होती, जखम झाल्यावर लावतात तशी. डोळे खरंच हरवले होते. हे चहाला आले, माझ्याकडं बघून म्हणाले, "आगं, धाकटीचा चष्मा का घातलास?"

"माजा हाय."

"व्हय? मला वाटलं ती इसरून गेली."

दिवसभर जो येईल तो तेच म्हणत होता. मी हट्टानं लावून फिरले. वाचायचं नसताना पण लावला. लांबचं सगळं पुसट, दारातून कोण येतंय ते कळेना, आणि दुपारी घरामागच्या परड्याच्या पायरीवर ठेच लागून अंगठा सुजला.

धाकटीचं लेझर नीट झालं. बुधवारी ती घरी आली, मोठा काळा गॉगल लावून. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली नव्हती, पण आत्याबाईंनी केली. तिला दूध, तिला बदाम, तिनं वाकायचं नाही, तिनं बादली उचलायची नाही. गुरुवारी संध्याकाळी घट मांडला, बायका जमल्या, आणि आत्याबाईंनी पुस्तिका माझ्यापुढं ठेवली. "वाच. आता तुलाबी चष्मा हाय की."

मी वाचली. एक ओळ चुकली नाही, राणी राणीच राहिली, आवाज लागला. मला जे हवं होतं ते हातात होतं. पण शेवटची आरती झाली तशा सगळ्या बायका धाकटीभोवती गोळा झाल्या. डोळ्यात लेझर मारतात म्हणजे काय करतात, दुखतं का, आग होते का. एक म्हातारी तर तिचा गॉगल काढून डोळ्यात डोकावली. मी तीर्थाची वाटी घेऊन मागं उभी.

त्यानंतरच्या आठवड्यात मी बाजारला म्हणून कोरेगावला गेले आणि तिथल्या एका चष्म्याच्या दुकानातून गडद जांभळी फ्रेम घेतली, तिला माझ्या नंबरच्या काचा बसवून. त्या वेळी डोळ्यात औषध नव्हतं. मी आरशात नीट, सगळ्या बाजूंनी बघितलं. चष्म्यामागं एक बाई होती, वयाची, मोठ्या डोळ्यांची. ती मला धाकटीसारखी दिसली नाही. बरी दिसली.

घरी आले. आत्याबाईंना फरक कळला नाही. हे समोर बसून जेवले, ह्यांनाही नाही. मी मुद्दाम चष्मा लावून मेथी निवडत बसले होते. धाकटी शाळेतून आली, दारात चप्पल काढता काढता माझ्याकडं बघून थांबली.

"घेतलात होय हा? बघा, किती छान दिसतोय." आणि मग आत जाता जाता म्हणाली, "मी हाच सांगितला होता ना?"

तेवढं बोलायची काही गरज होती का? मेथीची जुडी मी अशी झटकली की मुळाची माती सगळी तिच्या वाळत घातलेल्या साडीवर उडाली. मग उठून ती साडी झटकली, घडी घातली आणि तिच्या खोलीत नेऊन ठेवली.